'जमीनदोस्त'मध्ये दोस्त नाहीये

नारायण पेठेतल्या एका ताईंनी विचारलंय. त्यांच्या शेजारचा जुना वाडा रिडेव्हलपमेंटसाठी पाडला, बिल्डिंगच्या ग्रुपवर कुणीतरी 'वाडा जमीनदोस्त झाला' असं लिहिलं, तर त्यांचा भाचा म्हणे यात दोस्त कुठून आला, आणि वरच्या मजल्यावरच्या काकांनी लगेच दुरुस्ती केली की शब्दच चुकीचा आहे, 'जमीनदोज' म्हणायला पाहिजे. तर बरोबर काय?

अर्थ सगळ्यांना माहितीये, त्यात वेळ घालवत नाही. पण ते एक फॉरवर्ड फिरतंय ना, की इमारत पडली की ती जमिनीची दोस्त होते, तिला मिठी मारते, बघा आपली मराठी किती काव्यमय, ते प्लीज पुढे पाठवू नका. गेल्या दोन महिन्यांत मला ते पाच वेळा आलंय आणि त्यात एक अक्षर खरं नाही. हा शब्द फारसी, 'जमीन-दोज'. दोख्तन म्हणजे शिवणे, त्यातला हा दोज. जरदोजी माहितीये ना, लग्नाच्या शालूवर असते ती? जर म्हणजे सोनं, सोन्याच्या तारेने शिवलेलं ते जरदोजी. तसं जमिनीला शिवून टाकलेलं ते जमीनदोज. आणि गंमत म्हणजे कापडाच्या मूळ रंगालाही आपण जमीनच म्हणतो, हिरव्या जमिनीवर लाल बुट्टी वगैरे. गझलवाले वृत्त, काफिया (यमक) आणि रदीफ (यमकानंतर परत परत येणारे शब्द) मिळून जे होतं त्याला गझलेची जमीन म्हणतात. म्हणजे ज्याच्यावर बाकी सगळं शिवायचं ती जमीन. किती सुंदर आहे हे! मिठीबिठीपेक्षा शंभर पटीने सुंदर, पण फॉरवर्ड करणाऱ्यांना हे नको असतं.

उर्दूत जमीनदोज म्हणजे जमिनीखालचं, भुयारी असाही अर्थ आहे. आपली शिवाजीनगर ते स्वारगेट मेट्रो तिकडे जमीनदोज म्हटली तर कुणी घाबरणार नाही, मराठीत तोच शब्द वापरला तर लोक टीव्ही लावतील. म्हणून काकांना सांगा, तो शब्द तिकडचा, आपला शब्द आपला. मराठीत 'जमीनदोस्त'च बरोबर, कित्येक पिढ्यांनी तसाच वापरलाय, मूळ फारसीत असं होतं म्हणून उलटं चालत जायची गरज नाही.

आता दोजचा दोस्त का झाला? इथे माझं म्हणणं जरा वेगळं आहे आणि मी ते बरीच वर्षं सांगतोय. सगळे म्हणतात अनोळखी 'दोज'च्या जागी ओळखीचा 'दोस्त' बसवला, झालं. मला हे पटत नाही. पडलेल्या वाड्याशी मैत्रीचा काय संबंध, कानाला ओळखीचं वाटलं तरी मनाला पटायला नको? माझ्या मते हे 'उद्ध्वस्त'चं काम आहे. बोलताना आपण 'उध्वस्त' म्हणतो, त्यातला 'ध्वस्त' जरा भरभर म्हणून बघा, 'दोस्त'च्या किती जवळ जातो. अर्थही तोच, पार पडलेलं. दोन्ही शब्द एकाच प्रसंगी एकाच तोंडात, मग एकाचं शेपूट दुसऱ्याला लागणारच. शिवाय मराठी कानाला फारसीकडून आलेल्या शब्दाच्या शेवटी 'स्त' ऐकायची सवयच आहे, बंदोबस्त, जबरदस्त, दुरुस्त, तंदुरुस्त, शिकस्त. त्या साच्यात 'दोज' उपरा वाटतो, 'दोस्त' चपखल बसतो. कागदावरचा पुरावा दाखवा म्हणाल तर तो माझ्याकडे नाही, हा माझा तर्क आहे, पण मैत्रीवाल्यांकडे तरी कुठला पुरावा आहे?

आणि पुण्याला हा शब्द समजावून सांगायची वेळ यावी? 1630च्या सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुणं जाळून पाडलं, गाढवाचा नांगर फिरवला आणि पहार ठोकली असं सांगतात. नंतर जिजाऊंनी बालशिवाजींच्या हातून सोन्याचा नांगर फिरवून गाव पुन्हा वसवलं. 'गाढवाचा नांगर फिरवणे' हा वाक्प्रचार अजून आपल्या तोंडात आहे. जमिनीला शिवून टाकणं म्हणजे काय ते या गावाने भोगलंय.

पण मला खरं बोलायचंय ते 'जमीन'बद्दल. भाषाशुद्धीवाले अजून भेटतात, जमीन यावनी शब्द आहे, भूमी म्हणा. हा वाद जुना आहे. माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे कवी माधव जूलियन यांनी, 1925 साली फार्शी-मराठी कोश केला, फारसीचे एवढे मोठे जाणकार, आणि पुढे तेच शुद्धीच्या बाजूला गेले, 1938चा त्यांचा 'भाषाशुद्धि-विवेक' आहे. माणूस मोठा, आदर आहे, पण या बाबतीत त्यांचं चुकलं असं मी स्पष्ट म्हणतो. ज्याला या शब्दांची कुळं माहिती त्याने तरी त्यांना परकं म्हणू नये.

कारण कूळ बघा. निघंटू उघडा, म्हणजे वेदातल्या शब्दांच्या याद्यांचा जुना कोश, यास्काने ज्यावर निरुक्त हे भाष्य लिहिलं तो. पहिलीच यादी पृथ्वीच्या 21 नावांची, आणि सुरुवात कशी तर गौः, ग्मा, ज्मा, क्ष्मा, क्षा, क्षमा. ज्मा! जमीनमधला 'जम' आणि हा 'ज्मा' सख्खे चुलत आहेत. अवेस्तात, म्हणजे पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथात, झम्, त्यावरून फारसी जमीन, इकडे वेदात ज्मा आणि क्ष्मा. रशियनमध्ये झेम्ल्या, शाळेच्या नकाशातलं नोवाया झेम्ल्या आठवतंय ना, म्हणजे नवी जमीन. लॅटिनमध्ये हुमुस म्हणजे माती, आणि त्याच कुळातला होमो म्हणजे माणूस. एवढं मोठं खानदान! पण लगेच 'बघा, जमीन संस्कृतातूनच गेला' असं म्हणू नका, ते तेवढंच चूक. चुलत भाऊ म्हणजे बाप नव्हे. ज्माची जमीन झालेली नाही, दोघी एका जुन्या घरातून वेगळ्या निघाल्या आणि हजारो वर्षांनी पुण्याच्या बाजारात परत भेटल्या, आपण त्यातल्या एकीला परकी म्हणतोय, याचं मला खरंच वाईट वाटतं.

शिवाय भूमी घातली की काम भागत नाही. मराठीने कामं वाटून दिलीत. पायाखालची ती भुई: भुईमूग, भुईकोट, पळता भुई थोडी. मोजायची, विकायची, जिच्यावर सारा बसवायचा ती जमीन: जमीनजुमला, जमीन महसूल. पेशवाईच्या कागदात देशमुख-देशपांड्यांना जमीनदार म्हणायचे तेही महसुलाच्याच नात्याने. कसणारा माणूस यातलं काहीच म्हणत नाही, तो रानात जातो, कुठे वावरात जातो. आणि कॉलेजच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात मात्र भूमी, श्रम, भांडवल, आणि त्या भूमीचा मोबदला खंड, जो शब्द खंडाने शेत करणाऱ्याकडूनच घेतलाय. हिंजवडीकडे एकराचे 40 गुंठे पाडून विकणारा एजंट कधी 'भूमी घ्या' म्हणतो का? भूमीची पूजा होते, व्यवहार जमिनीचा होतो. दोन्ही शब्द ठेवा ना, भाषा श्रीमंत होते त्याने.

आणि हो, पुण्यात जमाबंदी आयुक्तांचं ऑफिस आहे, त्यातल्या 'जमा'चा जमिनीशी काही संबंध नाही, तो अरबी जमा, म्हणजे एकूण वसूल. कर्जाचा जामीन पण अरबी, वेगळाच. हे तिन्ही एकत्र करणारं पण एक फॉरवर्ड आहे.

अरे हो, ताईंचा प्रश्न. भाच्याला सांगा की दोस्त नाही, शिवण आहे. काकांना सांगा की मराठीत जमीनदोस्तच. आणि ग्रुपवर कुणीतरी 'जमिनदोस्त' लिहिलेलं मी फोटोत बघितलं. 'जमिनीवर' म्हणताना 'मि' ऱ्हस्व होतो कारण प्रत्यय लागतो, पण समासात मूळ शब्द तसाच राहतो, जमीनदार, जमीनदोस्त, 'मी' दीर्घच. तेवढं सुधारून घ्या.