कुंडीतले लिंबू आणि परदेशातली थंडी

प्रश्न : माझी मुलगी टोरांटोत राहते. तिने घरात ठेवलेल्या कागदी लिंबाची पाने खिडकीशी ऊन मिळूनही जानेवारीत गळतात. पाणी वाढवावे का? – एक वाचक, धुळे

उत्तर : पाणी मुळीच वाढवू नये. कुंडीतली माती साधारण १२-१३ अंशांखाली गेली की लिंबाची मुळे जवळजवळ थांबतात; काचेतून येणाऱ्या उन्हाने पाने मात्र तापतात, आणि मुळे तेवढे पाणी ओढू शकत नसल्यामुळे झाड पानेच टाकून देते. कुंडी गार फरशीवरून उचलून लाकडी पाटावर ठेवावी आणि बोटाची दोन पेरे मातीत खुपसून कोरडी लागली तरच कोमट पाणी द्यावे. कागदी लिंबू थंडीला फार हळवे असते, त्यामानाने मेयर जातीचे लिंबू बरेच सोसते.

रोप वाढवायचे असल्यास मी गुटी कलमच (झाडावर असतानाच फांदीला मुळे फोडून ती वेगळी लावणे) सुचवीन, कारण बियांच्या झाडाला फळासाठी बरीच वर्षे थांबावे लागते. आपल्या खानदेशात हे काम पावसाळ्यात करतात, तिकडे ते उन्हाळ्याच्या सुरुवातीला करावे. पेन्सिलीएवढ्या फांदीची इंचभर साल गोल काढून त्या जागी ओले शेवाळ (मॉस) प्लास्टिकने घट्ट बांधावे. त्यातून पांढरी मुळे भरपूर दिसू लागली, की फांदी खालून कापून लावावी.