मुलाने पेन्सिलीने लिहिलेली ओळ

प्रश्न : मी मुलुंडला राहतो. नुकतीच स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे. मुलगा संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. निफ्टीच्या दर पाच मिनिटांतील चढउतार दाखवणाऱ्या कॅन्डलवर आधारलेली माझी एक पद्धत पाच वर्षांच्या बॅकटेस्टमध्ये, म्हणजे जुन्या भावांवर चालवून पाहिली तेव्हा, उत्तम ठरली आहे. मुलाने तिचा कोड लिहून दिला, तर त्याला नोकरीची गरजच काय? सोसायटीतील दोन मित्रही पैसे लावायला तयार आहेत. पण मुलगा तीन महिने टाळाटाळ करतो आहे. त्याला अल्गो ट्रेडिंगचा, म्हणजे प्रोग्रॅमने आपोआप सौदे करण्याचा, कोणता कोर्स लावू? (तक्ता सोबत जोडला आहे.)

उत्तर : आपल्या तक्त्यात ‘खरेदीचा भाव’ या रकान्याशेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिले आहे, ‘हा भाव तेव्हा मिळणार नाही’. अक्षर आपल्या पत्रातले नाही, तेव्हा ते चिरंजीवांचे असावे. ज्याला आपण टाळाटाळ म्हणता, ती मला या ओळीत कुठेही दिसली नाही.

आपल्या नियमानुसार सकाळी ९.१५ ची कॅन्डल ठरावीक पातळीच्या वर बंद झाली की खरेदी करायची. ती कॅन्डल बंद होते ९.२० ला, आणि तक्त्यात खरेदी मात्र तिच्या सुरुवातीच्या भावाने धरली आहे, म्हणजे ९.२० ला कळणाऱ्या गोष्टीवर ९.१५ चा सौदा. पाच वर्षांच्या नफ्यापैकी बराचसा याच पाच मिनिटांत दडलेला असू शकतो.

कल्पना माझी आणि कोड त्याचा, हा आपला मुख्य गैरसमज आहे. कल्पना कोडमध्ये उतरवणे हा या कामाचा लहानसा भाग आहे. दलाली, एसटीटी (सौद्यांवरील कर) आणि प्रत्यक्षात मिळणाऱ्या भावातील फरक वजा करणे, नियम ठरवताना न वापरलेल्या काळावर पद्धत पुन्हा चालवून पाहणे, इंटरनेट तुटले किंवा निम्मीच ऑर्डर भरली गेली तर प्रोग्रॅमने काय करायचे ते आधी लिहून ठेवणे, यातच महिने जातात. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर व्यवहारांत मुरलेल्या कंपनीने आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढवलाच नाही, तिथला जुना कोड जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४४ कोटी डॉलरहून अधिक बुडाले. कल्पनेत काहीच खोट नव्हती.

मला खरी काळजी वाटते ती मुलाची. वडिलांच्या निवृत्तीच्या पैशावर चालणारा प्रोग्रॅम तपासताना ‘बाबा, यात तोटा आहे’ हे तोंडावर सांगणे त्याला जमत नाही, म्हणून तो समासात पेन्सिलीने लिहितो. त्याला या ओझ्याखाली ठेवू नका, असे मी आपल्याला स्पष्टच सांगतो. सेबी या बाजार नियामकाच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या काळात फ्युचर्स-ऑप्शन्स (शेअर किंवा निफ्टीसारख्या निर्देशांकाच्या पुढच्या भावावरचे सौदे) करणाऱ्या दर १०० वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ जण तोट्यात होते. उद्या आपण त्यांच्यात असलात, तर घरात दोष कोडला लागेल, म्हणजे त्याला.

मित्रांच्या पैशांचा विचार तर पूर्ण सोडावा. सेबीच्या ४ फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकानुसार गुंतवणूकदाराने स्वतः तयार करून नोंदवलेला अल्गो तो स्वतः, जोडीदार, अवलंबून असलेली मुले आणि अवलंबून असलेले आईवडील यांच्यापुरताच वापरता येतो. शेजारी त्यात बसत नाहीत.

कोर्स कोणताही लावू नका. गेट (अभियांत्रिकीची पदव्युत्तर प्रवेश परीक्षा) किंवा एनआयएसएमच्या (शेअर बाजाराच्या) परीक्षा त्याला हव्या असतील, तर तो पुढे देईल. आत्ता त्याने कॅम्पसची नोकरी घ्यावी, शक्यतो सॉफ्टवेअरच्या चाचणीची किंवा बॅकएंडची (पडद्यामागे चालणाऱ्या कोडची). दुसऱ्याने लिहिलेला कोड प्रत्यक्ष वापरात कसा टिकतो आणि कसा मोडतो, हे तिथे पगार घेऊन शिकता येते. दोन वर्षांनी बीकेसीतील (वांद्रे-कुर्ला संकुलातील) एखाद्या ट्रेडिंग फर्मकडे अर्ज करावासा वाटला, तर ही पेन्सिलीची नजर तिथे त्याच्या उपयोगी पडेल.

आज रात्री त्या ओळीचा अर्थ त्याला विचारा आणि तो सांगेल तेवढा वेळ ऐका. मग त्यानेच खरेदी ९.२० नंतरच्या भावाला नेऊन सगळे खर्च वजा करावेत. येणारा आकडा मला जरूर कळवा, आणि तोवर खात्यात नवे पैसे भरू नका.