चढ छोटा असला तरी लवकर निघा

अंतर कमी दिसतंय म्हणून उशिरा निघू नका. आडबाजूच्या छोट्या शिखरांवर खरा वेळ खातो तो पायथ्यापर्यंतचा कच्चा रस्ता. स्टेपनीत हवा आहे ना, जॅक-पाना गाडीत आहे ना, हे निघण्याआधीच बघा. ओढा आडवा आला आणि तळ दिसत नसेल तर गाडी अजिबात घालू नका. तिथेच लावून चालत जा. परतीच्या उतारावर गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा. सतत ब्रेक दाबला की तो तापतो आणि नेमका हवा तेव्हा लागत नाही.

चालण्यासाठी स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथचा १८९२ चा ठोकताळा मला आजही आवडतो: दर ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी एक. म्हणजे ३ किलोमीटरमध्ये ६०० मीटर चढ असेल तर साधारण दीड तास. यात विश्रांती धरलेली नाही, त्यामुळे नवख्याने अडीच तास धरावेत.

उतरणं जास्त जपून. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगडमातीच्या उतारावर, टाच आधी रोवायची, गुडघे किंचित वाकवायचे, पावलं छोटी टाकायची. आणि परत फिरायची वेळ खालीच ठरवा. ती झाली की माथा समोर दिसत असला तरी वळा.