सोसायटीच्या वार्षिक सभेत गच्चीवरच्या सोलरचा प्रस्ताव मांडायचा आहे. तो कसा लिहावा?

सोलरचे फायदे दोन ओळींत उरका, ते व्हॉट्सॲपवर वाचून सगळ्यांना पाठ झालेत. सभेत गाडी अडते ती पैशांवर आणि गच्चीवर. तुमच्या प्रस्तावात मुख्यतः त्याचीच उत्तरं हवीत.

लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांच्या कॉमन मीटरची बारा महिन्यांची बिलं सेक्रेटरींकडून मागून घ्या. युनिट आणि रुपये दोन्ही लिहा. एका किलोवॉटला गच्चीवर साधारण 100 चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि दिवसाला सरासरी 4 युनिट मिळतात. म्हणजे 10 किलोवॉटला हजार चौरस फूट जागा आणि महिन्याला 1,200 युनिट. पावसाळ्यात कमी मिळतील हेही लिहून टाका, नाहीतर जुलैत लोक तुम्हालाच धरतील. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे 18,000 रुपये अनुदान आहे, पण ते यंत्रणा सुरू झाल्यावर मिळतं. आधी पूर्ण रक्कम उभी करावी लागते. 'सिंकिंग फंड पडूनच आहे' असं मोघम लिहू नका. तो मोठ्या दुरुस्तीसाठी आणि पुनर्बांधणीसाठी असतो. त्यापेक्षा फ्लॅटमागे किती आणि किती हप्त्यांत, हा आकडा पहिल्याच पानावर द्या. बरेच जण तेवढंच वाचतात.

गच्चीचं म्हणाल तर वरच्या मजल्यावरचे काका 'गळतीचं काय?' विचारणारच. सभेआधीच त्यांच्याकडे चहाला जा. स्लॅबला ड्रिल न मारता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर सांगाडा उभा करता येतो का, वाऱ्याला तो टिकेल का, हे कोटेशन देणाऱ्याकडून लेखी घ्या. पॅनलमुळे गळती झाली तर दुरुस्ती त्याने करायची, ही अटही त्यातच असू द्या.

शेवटी ठराव आयता लिहून द्या, इतिवृत्तात तसाच उतरवता येईल असा: 'कॉमन मीटरसाठी 10 किलोवॉटची सौर यंत्रणा बसवावी, खर्चाची मर्यादा अमुक, वर्गणी फ्लॅटमागे तमुक, तीन कोटेशनमधून निवड कमिटीने करावी.' 'सोलरबाबत विचार व्हावा' एवढंच लिहिलंत, तर विचारच होत राहील!

वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते आणि नोटीस 14 दिवस आधी निघते, तेव्हा ऑगस्टमध्येच कमिटीला अर्ज देऊन पोच घ्या. अजेंड्यावर आला नाही तर विषय 'ऐनवेळच्या विषयां'त ढकलला जातो. तिथे खर्चाचे ठराव होत नाहीत. सूचक तुम्ही व्हा, अनुमोदनाला ते वरच्या मजल्यावरचे काका तयार झाले तर उत्तमच.