अनोळखी माणसं 'माय', 'बेटा', 'डियर' म्हणतात तेव्हा तुम्हाला कसं वाटतं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही पुण्याहून नोकरीसाठी जळगावला आलात, वय 24. इथे भाजीवाली 'माय' म्हणते, रिक्षावाला 'बहीण' म्हणतो, ऑफिसातले एक वरिष्ठ 'बेटा' म्हणतात आणि फोनवर विमा विकणारी मुलगी 'डियर' म्हणते. यातल्या कशाचं वाईट वाटून घ्यावं आणि कशाकडे दुर्लक्ष करावं, हे तुम्हाला उमगत नाहीये. मी धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतल्या सरकारी दवाखान्यांत 31 वर्षं नर्स होते. अनोळखी माणसांना हाका मारण्यात आणि त्यांच्या हाका ऐकण्यातच माझा जन्म गेला, म्हणून लिहिते. तुम्हाला 'तुम्ही' म्हणतेय, कारण आपली ओळख नाही.

आधी 'माय'. पुण्यात कुणी 'आई' किंवा 'माय' म्हणून हाक मारली तर चोविशीतल्या मुलीला आपण वयस्कर दिसतो की काय असं वाटेल. खान्देशात तसं नाही. इथे मुलगा आईला माय म्हणतो आणि सत्तरीची म्हातारी पाच वर्षांच्या नातीलाही "ये वं माय, बठ" म्हणते. लहान पोराला बाप म्हणतात, तसंच हे. त्यात वय मोजलेलं नसतं. भाजीवाली "मेथी ली जाय वं माय, ताजी शे" म्हणते तेव्हा ती तुम्हाला घरातली धरते. अर्थात तिला मेथी विकायचीच असते, पण भाव करताना तुम्ही चिडलात तरी ती माय म्हणायचं सोडत नाही, हे मी कितीदा पाहिलंय. मला या हाकेचा कधी त्रास झाला नाही. उलट नोकरीच्या पहिल्या वर्षी, घरापासून लांब, खोलीवर एकटी राहत असताना बाजारात कुणीतरी माय म्हणावं म्हणून मी दोन रुपयांची कोथिंबीर घ्यायला जायची.

'बहीण', 'ताई', 'आक्का' याही सरळ हाका आहेत, त्या हाक मारणाऱ्यालाही बांधतात. रात्री धुळ्याच्या स्टँडवर उतरल्यावर "बहीण, कुठे जायचं?" विचारणाऱ्या रिक्षात मी जास्त निर्धास्त बसले आहे. 'वहिनी' मात्र मला खटकते. ताई म्हणणारा स्वतःशी नातं जोडतो, वहिनी म्हणणारा मला, त्याने कधी न पाहिलेल्या माझ्या नवऱ्याशी जोडतो. आणि एसटीतली 'आजी'! पन्नाशीत केस पांढरे ठेवले तेव्हापासून कंडक्टर मला तिकीट देण्याआधी नीट निरखायचे. 2023 च्या मार्चपासून सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट झालं आणि त्यांना माझं वय ताडायची गरज उरली नाही. तेवढाच आराम पडला.

आता ज्यावर मला खरं बोलायचं आहे ते. आपल्याकडे नात्याच्या हाका सगळ्यांना सारख्या वाटल्या जात नाहीत. दवाखान्यात पाहा. डॉक्टरांच्या आईला सगळे 'काकू' म्हणतात. फरशी पुसणारी 'मावशी', स्ट्रेचर ओढणारा 'मामा'. चौकातला ट्रॅफिक पोलीसही मामाच. अनोळखी बाईला आत्या कुणी म्हणत नाही, कारण आत्याचा मान सांभाळावा लागतो. मावशी प्रेमाची, तिच्याकडून काहीही मागता येतं. पाणी आण, भांडं घास, बेडपॅन दे. मी हे ठरवून शिकले नाही, पण मीही 'काकू' कुणाला आणि 'मावशी' कुणाला हे साडी बघून ठरवत होते.

आमच्या वॉर्डात एक मावशी होती. मी बदलून आले त्याच्या आधीपासून होती आणि माझ्यासोबत 14 वर्षं होती. कुणाच्या मुलीचं लग्न असो की कुणाला डोहाळे लागोत, पहिला डबा तिच्याकडून यायचा, कळण्याची भाकरी आणि भरीत. तिच्या निरोपाच्या दिवशी साहेबांनी कागदावरून सत्कारमूर्तीचं पूर्ण नाव वाचलं आणि आम्ही पंधरा-वीस जणी इकडे-तिकडे बघायला लागलो. ती स्वतःही लगेच उठली नाही. मग कुणीतरी म्हणालं, "अगं मावशी, तुझंच नाव." शाल घेताना ती हसत होती. मी घरी येऊन रडले. इतकी वर्षं जिच्या हातचं खाल्लं, तिचं नाव मला माहीत नव्हतं.

मला लोक 'सिस्टर' म्हणत. ब्रिटिश दवाखान्यांत ते वॉर्ड सांभाळणाऱ्या नर्सचं पद होतं, आपल्याकडे ते सगळ्याच नर्सेसना चिकटलं. सरकारी कागदावर मी आधी अधिपरिचारिका आणि नंतर परिसेविका होते. पण ते शब्द पेशंटच्या तोंडी येत नाहीत, म्हणून सिस्टर चालायचं. त्यात कामाचा मान होता. आमच्या त्या मावशीला 'मावशी' या हाकेत तो मिळायचा का, हे मी तिला कधी विचारलं नाही.

आणखी एक गोष्ट सांगते, ती नुसत्या भावनेची नाही. खान्देशात साठी ओलांडलेला पुरुष बहुतेक वेळा आबा, आप्पा, नाना, बापू, तात्या नाहीतर जिभाऊ असतो. खरं नाव सातबाऱ्यावर आणि आधार कार्डावर. माझ्या नोकरीच्या चौथ्या वर्षी पुरुषांच्या वॉर्डात जेवणाआधीचं इन्सुलिन घेऊन मी खाटेजवळ गेले आणि म्हणाले, "आबा, हात पुढे करा." हात पुढे आला. तो शेजारच्या खाटेवरच्या आबांचा होता, दोन्ही खाटा एकमेकींना लागून होत्या. सुई टोचणार तेवढ्यात त्यांची बायको म्हणाली, "यासले साखर नही वं बाई." ज्याला मधुमेह नाही आणि जो सकाळपासून उपाशी आहे, त्याला ते इंजेक्शन दिलं असतं तर रक्तातली साखर घसरून तो बेशुद्ध पडला असता, कदाचित गेलाही असता. माझे हात संध्याकाळपर्यंत थरथरत होते.

त्यानंतर मी कुणालाही नुसतं आबा म्हणून औषध दिलं नाही. पूर्ण नाव विचारायचं, केसपेपरवरचा नंबर जुळवायचा, मगच सुई. आणि विचारतानाही "तुम्ही अमुक ना?" असं नाही विचारायचं, कारण गुंगीतला माणूस कशालाही हो म्हणतो. "तुमचं नाव काय?" असंच विचारायचं. यात आमच्याकडची अडचण अशी की पेशंट बोलू शकत नसेल तर बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. जुन्या बायका पदर तोंडाला लावून मुलाकडे बघायच्या. मुलगा सोबत नसला तर पिशवीतून कागद काढून हातात द्यायच्या. मी तो कागद मोठ्याने वाचायची आणि त्या मान हलवायच्या. नाव कळलं की मग मी खुशाल आबा म्हणायची. त्यांनाही तेच आवडायचं. पूर्ण नावाने सारखी हाक मारली तर कोर्टात उभं केल्यासारखं वाटतं, असं एक जिभाऊ मला म्हणाले होते.

चार वर्षांपूर्वी माझी आई एका खासगी दवाखान्यात दाखल होती. 82 वर्षांची, वडिलांच्या मागे 12 एकर कापूस आणि केळी एकटीने काढलेली बाई. तिथला एक तरुण कर्मचारी रोज सकाळी यायचा आणि गोड आवाज काढून म्हणायचा, "आज्जी, आज शहाण्या बाळासारखं खायचं हं, नाहीतर मी रागावणार." मुलगा वाईट नव्हता. त्याला कुणीतरी म्हाताऱ्यांशी असंच बोलायला शिकवलं असणार. पण आई तोंड फिरवून घ्यायची. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "मी कोनी आजी वं?" म्हणजे मी कुणाची आजी, आणि ताट सरकवून दिलं. संध्याकाळी दुसरी मुलगी ड्युटीवर आली. तिने खुर्ची ओढली, आईच्या डोळ्यांसमोर बसली आणि विचारलं, "घरी तुम्हाला काय म्हणतात?" आई म्हणाली, "जिजी." मग "जिजी, वरण आणू की दूध?" एवढंच. आईने वरण-भात खाल्ला. मी 31 वर्षं हेच काम केलं होतं, आणि हा साधा प्रश्न मी किती जणांना विचारला असेल याचा हिशोब त्या रात्री मनात करत बसले. फार थोड्यांना.

तुमच्या वरिष्ठांच्या 'बेटा'कडे मी या नजरेने बघते. ते प्रेमाने म्हणत असतील, नाही असं मी म्हणत नाही. पण ऑफिसात तुम्ही कामाला गेला आहात. मीटिंगमध्ये तुमच्या सोबतचा मुलगा 'पाटील' किंवा 'महाजन' आणि तुम्ही 'बेटा' असाल, तर तुमच्या म्हणण्याचं वजन तिथेच कमी होतं. चारचौघांत बोलू नका, त्यांना दुखावून तुमचा फायदा नाही. एकटे असताना सांगा, "सर, मला नावाने हाक मारा, मला बरं वाटेल." बहुतेक माणसं ऐकतात. आमच्या एका तरुण डॉक्टरांना मी असंच सांगितलं होतं, तेही ऐकले. न ऐकणारा माणूस निघाला तर तेही तुम्हाला कळलेलं बरं.

'डियर'बद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं फारसं नाही. ती मुलगी तिला दिलेला कागद वाचते. मला तर ते फोनवाले नुसत्या पहिल्या नावाने हाक मारतात, पुढे ताई नाही की बाई नाही. माझं नुसतं नाव माझ्या आईने आणि दोन मैत्रिणींनी घेतलं, बाकी कुणी नाही. मी नम्रपणे फोन ठेवते.

मेथीवालीचं काय करायचं म्हणाल तर पुढच्या वेळी तिला विचारा की तुम्हाला घरी काय म्हणतात. ती आधी हसेल आणि लगेच सांगणार नाही. पुन्हा विचारा.

आमच्या त्या मावशीचा नंबर मी तिच्या पूर्ण नावाने मोबाईलमध्ये ठेवला आहे. गेल्या महिन्यात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिचा फोन आला. पडद्यावर नाव दिसलं, मी फोन उचलला आणि तिचं नाव घेऊन म्हणाले, "बोला, कशा आहात?" पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग ती म्हणाली, "सिस्टर, मी मावशी बोलतेय."