एका दुखण्याला पाच गोळ्या

"ताई, एका दुखण्याला पाच-पाच गोळ्या? मला नेमकं झालंय तरी काय?"

ठाण्यातल्या किसननगरच्या काकूंनी औषधांची पिशवी टेबलावर रिकामी केली. पोळी-भाजीचे डबे करतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो संधिवात. सकाळी दोन-दोन तास बोटं वळत नसत. मेथोट्रेक्सेट त्यांनी गुपचूप सोडली होती, कारण कुणीतरी म्हणालं, "ही तर कॅन्सरची गोळी." सल्फासलाझिनही सोडली. मेडिकलमधून स्वतः आणलेली वेदनाशामक मात्र रोज चालू. मला फार वाईट वाटलं. ती ठणका शमवते, सांध्यांची हानी थांबवत नाही.

आम्ही पाकिटं वेगळी लावली. मेथोट्रेक्सेट, सल्फासलाझिन, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या तिघी वेगवेगळ्या वाटांनी आजाराला आवर घालतात. एकीने भागत नाही तेव्हा डॉक्टर त्या जोडीने देतात. फॉलिक ॲसिड मेथोट्रेक्सेटने होणारी मळमळ, तोंड येणं कमी करायला. आणि स्टिरॉइड थोड्याच काळासाठी, कारण बाकीच्यांचा गुण यायला सहा ते बारा आठवडे जातात.

"म्हणजे आजाराच्या तीनच?"

मग खरं काय ते बाहेर आलं. "आईची बोटं वाकडी झालेली बघितलीत मी. तिला तर एकच गोळी होती. मला पाच, म्हणजे माझं तिच्यापेक्षा वाईट."

मी म्हटलं, "काकू, आईंच्या वेळी ही औषधं इतक्या लवकर देत नसत. बोटं वाकायच्या आधीच आजार धरायचा, म्हणून तुम्हाला एवढ्या." त्या बराच वेळ हात चोळत बसल्या.

कॅन्सरमध्ये मेथोट्रेक्सेटचे डोस बरेचदा कितीतरी मोठे असतात. इथे आठवड्यातून एकदाच, साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम. हे मी प्रत्येकाला दोनदा सांगते, कारण चुकून रोज घेतली तर रक्तपेशी घटून जिवावर बेततं. गुरुवारी त्यांचा उपवास, म्हणून रविवार धरायचं ठरलं. पण गोळ्या परत सुरू करा, असं मी सांगितलं नाही. त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं. वेदनाशामकाचंही तिथे सांगायला लावलं. आधी रक्ताची आणि यकृताची तपासणी झाली, हायड्रॉक्सिक्लोरोक्विनसाठी डोळ्यांचीही ठरली.

तीन महिन्यांनी आल्या. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासावर आला होता. डॉक्टरांनी स्टिरॉइड हळूहळू कमी करत बंद केलं होतं.

"ताई, आता चारच," म्हणाल्या, आणि डब्यातली पोळी माझ्यापुढे ठेवली.