नकारपत्राचा दुमडलेला कोपरा

प्रश्न: माझा मुलगा आठवीत असताना शाळेच्या मैदानावर चेंडू लागून त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. शाळा दरवर्षी फीबरोबर अपघात विम्याचे पैसे घेते. अपघाताची सूचना 30 दिवसांत मिळाली नाही, या एकाच कारणावरून विमा कंपनीने दावा नाकारला. शाळेने 70 दिवसांनी कळवलं होतं. त्यानंतर आम्ही कंपनीला अकरा ईमेल पाठवले. दर वेळी ‘आमचा निर्णय कायम आहे’ एवढंच उत्तर येतं. मुलाची दहावीची परीक्षा आत्ताच संपली. त्या 30 दिवसांच्या अटीमुळे आमचा हक्क गेला का? आमच्या शाळेच्या क्रीडाशिक्षकांचं मनगट मोडलं होतं, त्यांनाही याच पॉलिसीतून काही मिळालं नाही.

उत्तर: ताई, 30 दिवसांच्या अटीने तुमचा हक्क गेलेला नाही. तो जाईल दुसऱ्याच मुदतीने, आणि ती कधी संपते हे तुम्ही कळवलेलंच नाही. तुम्ही नकारपत्राचा फोटो पाठवलात. मजकूर स्वच्छ वाचता येतो, खाली सही-शिक्काही दिसतो, पण कागदाचा वरचा उजवा कोपरा आत दुमडलाय. तारीख नेमकी तिथे आहे. पत्र ‘नववीची शाळा सुरू झाल्यावर’ आलं, एवढंच तुम्ही लिहिता. आता दहावीची परीक्षा झाली, म्हणजे पावणेदोन वर्षं सहज उलटली असणार.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ग्राहक आयोगात जावं लागतं. दावा नाकारला गेला असेल तर ही दोन वर्षं नकारापासून मोजतात. नंतर पाठवलेल्या ईमेलनी ती एक दिवसही लांबत नाहीत. असे प्रश्न माझ्याकडे सतत येतात आणि बहुतेकांचा समज हाच असतो की पत्रव्यवहार चालू आहे तोवर प्रकरण जिवंत आहे. कंपनीने मध्येच फाइल पुन्हा उघडून, नव्याने तपासून, नव्याने नकार दिला असेल तर त्या तारखेवरून वाद घालता येईल. ‘निर्णय कायम आहे’ या एका ओळीच्या उत्तराला मी नवा नकार म्हणणार नाही. तुम्हीही त्या भरवशावर राहू नका.

तेव्हा आज पहिलं काम म्हणजे तो कोपरा उलगडणं. पाकीट जपून ठेवलं असेल तर त्यावरचा टपालाचा शिक्काही बघा. पत्र हातात पडल्याचा दिवस शिक्क्यावरून सिद्ध करता येतो, पण मोजायचं मात्र पत्रावरच्या तारखेपासून, कारण समोरचा वकील तीच धरणार. दोन वर्षं उलटून गेली असतील तर तक्रारीसोबत विलंबमाफीचा वेगळा अर्ज लागतो. त्यात उशिराचं समाधानकारक कारण द्यावं लागतं, आणि ‘कंपनीच्या उत्तराची वाट पाहत होतो’ हे कारण फार कमी वेळा चालतं. मुलगा अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचा आहे म्हणून मुदत आपोआप थांबते, असं कुणी सांगितलं तर त्यावरही विसंबू नका.

मला राग येतो तो याचा, की नकारपत्र आलं तेव्हाच विमा लोकपालाचा, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचा, रस्ता मोकळा होता. तिथे फी नाही, वकील लागत नाही आणि तुमच्या शाळेसारख्या समूह विम्याच्या, म्हणजे एकाच पॉलिसीत अनेकांना घेतलेल्या विम्याच्या, तक्रारीही घेतात. मुदत साधारण एक वर्षाची. तुमची ती बहुधा गेली. लोकपाल उशीर माफ करू शकतात, पण आता तिकडे अर्ज करून निकालाची वाट बघत बसलात तर आयोगाची मुदतही हातची जाईल. त्या अकरा ईमेलऐवजी एक अर्ज तिथे गेला असता, तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

आता ज्या अटीने तुमची झोप उडवली तिच्याकडे येऊ. विमा नियामकाने 20 सप्टेंबर 2011 रोजीच परिपत्रक काढून सगळ्या कंपन्यांना बजावलंय की केवळ सूचना उशिरा आली म्हणून खरा दावा नाकारू नका; वेळेत कळवूनही जो दावा नाकारलाच गेला असता, तिथेच उशिराचं कारण पुढे करा. 2017 साली ओमप्रकाश यांच्या गाडीचोरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. तुमच्या मुलाला अपघाताच्याच दिवशी दवाखान्यात नेलं, केसपेपरवर ‘शाळेत चेंडू लागला’ अशी नोंद आहे. 70 दिवसांच्या उशिराने कंपनीला काय तपासता आलं नाही, हे तिलाच सांगू द्या.

शिवाय नकारपत्रात कारण एकच दिलंय, हे तुमच्या फायद्याचं आहे. नकारपत्रात नसलेलं कारण कंपनीला नंतर आयोगासमोर काढता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सौराष्ट्र केमिकल्सच्या प्रकरणात सांगितलं. तुमच्या बाबतीत हे फार मोलाचं आहे. अशा पॉलिसींमध्ये अपंगत्व अपघातापासून बारा महिन्यांच्या आत आलेलं असावं अशी अट सर्रास असते, आणि तुमचं अपंगत्व प्रमाणपत्र पंधराव्या महिन्यातलं आहे. कंपनीने तो मुद्दा उचललाच, तर नेत्रतज्ज्ञांचा चौथ्या महिन्यातला कागद पुढे करा. त्यावर उजव्या डोळ्यासमोर ‘प्रकाशाचीही जाणीव नाही’ असं लिहिलंय. दृष्टी गेली ती तेव्हा, प्रमाणपत्र फक्त नंतर मिळालं. एका डोळ्याची दृष्टी पूर्ण गेल्यास विमा रकमेच्या 50 टक्के, असा तक्ता बहुतेक अपघात पॉलिसींत असतो. तुमच्या पॉलिसीत काय आहे ते पॉलिसी पाहिल्याशिवाय सांगणार नाही.

आणि ती पॉलिसी तुम्ही आजवर पाहिलेलीच नाही. दरवर्षी पैसे भरले, पण शाळेकडे एकदाही प्रत मागितली नाही. आता लेखी अर्ज देऊन पॉलिसी, तिला जोडलेली विद्यार्थ्यांची यादी आणि जावक नोंदवहीतली सूचनापत्राची नोंद मागा. तुमच्या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय ऑफिसातून बाहेर पडू नका. शाळा टाळाटाळ करेल. करू द्या. कागद हाती नाहीत म्हणून तक्रार अडवून ठेवायची नाही; ते हजर करण्याचा आदेश आयोगाकडे मागता येतो.

तक्रार मुलाच्या नावाने, पालक म्हणून तुमच्यामार्फत. पॉलिसी शाळेच्या नावावर असली तरी सेवेचा लाभार्थी हाही ग्राहक असतो. कंपनीबरोबर शाळेलाही सामनेवाला, म्हणजे विरुद्ध पक्ष, करा, कारण पैसे गोळा केले शाळेने आणि कळवायला उशीरही तिनेच केला. शिक्षण ही ‘सेवा’ नाही असा बचाव शाळा घेईल. आपली तक्रार शिकवण्याबद्दल नाही, विम्याच्या व्यवस्थेबद्दल आहे, हे पहिल्याच परिच्छेदात लिहा. तरी शाळेविरुद्ध आदेश होईलच, अशी खात्री मी देत नाही. राज्य शासनाच्या सानुग्रह मदतीचा विषय वेगळा. तिची चौकशी शिक्षण विभागाकडे स्वतंत्रपणे करा.

तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात, ऑनलाइनसुद्धा, तक्रार दाखल होते. प्रीमियमची रक्कम पाच लाखांपर्यंत असल्याने फी लागणार नाही. निकाल तीन महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वर्षं जातात, आणि एका डोळ्याने अभ्यास करणाऱ्या मुलाच्या आईला हे सांगताना मला लाज वाटते. एक गोष्ट मात्र हातात आहे. सामनेवाल्याला लेखी उत्तरासाठी 30 दिवस आणि फार तर आणखी 15 दिवस मिळतात. त्यापुढे मुदत वाढवता येत नाही, हे 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवून टाकलंय. सेहेचाळिसाव्या दिवशी उत्तर आलं तर ते नोंदवून घेऊ नये, असा अर्ज त्याच तारखेला द्या.

क्रीडाशिक्षकांबद्दल थोडक्यात. साध्या अपघात पॉलिसीत मृत्यू आणि कायमचं अपंगत्व एवढंच असतं. भरून आलेल्या फ्रॅक्चरचे पैसे मिळतात ते तात्पुरत्या अपंगत्वाचा साप्ताहिक लाभ किंवा उपचारखर्च वेगळा घेतला असेल तरच. ते वर्षाच्या मध्ये रुजू झाले असतील तर त्यांचं नाव पुरवणीने यादीत चढवलं होतं का, हेही बघावं लागेल. त्यांना लेखी नकार मिळालाय का, ते तुमच्या पत्रावरून कळत नाही. नसेल तर तो कंपनीकडे मागावा, आणि दोन वर्षं अपघाताच्या दिवसापासूनच मोजावीत.